मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिणार?

नोकरीनिमित्त गाव सोडलेली माणसे बऱ्याच वर्षांनी परत आली की एक तर जुने काही उरले नाही म्हणून हळहळतात, नाही तर केवढी प्रगती झाली म्हणून कौतुक करतात. बी. कॉम. होऊन मी बँकेत लागलो, जबलपूर-रायपूरकडे बदल्या होत गेल्या आणि लग्न-मुंजींच्या धावपळीखेरीज वीस-बावीस वर्षांत देवासला निवांत राहणे झालेच नव्हते. या खेपेस पंधरा दिवस राहिलो, इंदूरही पायी फिरून पाहिले. त्यावरून आपल्या समाजापुढे एक काम ठेवावेसे वाटते.

इंदूरच्या प्रगतीबद्दल वाद नाही. २०१७ पासून स्वच्छतेत शहराने आपला क्रमांक सोडलेला नाही. ३१ मे २०२५ ला मेट्रोही सुरू झाली. राजवाडा आणि सराफा आपल्या जागी आहेत. माझ्यासारख्या बँकवाल्याला एक पाटी मात्र चुकल्यासारखी वाटली. १९२० साली तुकोजीराव होळकरांच्या काळात निघालेली बँक ऑफ इंदूर पुढे स्टेट बँक ऑफ इंदूर झाली आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. खातेदारांचा पैसा सुरक्षित राहिला, कर्मचाऱ्यांची नोकरी राहिली, फक्त नाव गेले. कोणाचे काही बुडाले नाही, म्हणून कोणी रडलेही नाही.

आपल्या भाषेचे नेमके हेच चालले आहे.

देवास म्हणजे पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती, एका गावात दोन गाद्या. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली इथे आले, माळव्याची लोकगीते त्यांनी आपलीशी केली आणि तांब्यांच्या कविताही गायल्या. एक घेतले म्हणून दुसरे टाकावे लागत नाही, हे त्यांनी याच गावात राहून दाखवले. आज आमच्या मोहल्ल्यात गणपती बसतो, हळदीकुंकू होते, पुरणपोळीही होते. पण आत्या मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. मी ज्या शाळेत मराठीतून शिकलो, तिच्यावर आता इंग्रजी माध्यमाची पाटी आहे.

हे कोणी आपल्यावर लादलेले नाही. बेळगावच्या मराठी माणसाला पाटीसाठी आणि कागदासाठी झगडावे लागते. तिथला सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आपल्याला इथे कोणी अडवले? विद्यापीठाला आणि विमानतळाला अहिल्याबाईंचे नाव आहे. सुमित्राताई महाजन १९८९ ते २०१९ अशी तीस वर्षे इंदूरच्या खासदार होत्या. अखिल भारतीय साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन वेळा इंदुरात भरले. आपली भाषा विरोधामुळे नाही, सोयीमुळे मागे पडते आहे, आणि म्हणूनच ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आता मुद्द्याचे. चुलत वहिनींना विचारले, "२०११ च्या जनगणनेत मातृभाषा काय लिहिली?" त्या म्हणाल्या, "भावजी, दारात आलेल्या बाईंशी आम्ही हिंदीत बोललो, त्यांनी हिंदी लिहिले. काय फरक पडतो?"

फरक पडतो. घटनेच्या ३५०-क कलमाप्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करणे हे राज्याचे काम आहे. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असली तर अशी सोय व्हावी, हा निकष जुना, मान्य झालेला आहे. पण मागणी घेऊन गेले की अधिकारी पहिल्यांदा आकडा विचारतात, आणि तो आकडा जनगणनेचा असतो. आपणच आपल्याला कमी मोजून घेतले, तर तक्रार कोणाकडे करणार?

पुढची जनगणना २०२७ ची आहे, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. आजवरच्या पद्धतीप्रमाणे मातृभाषेचा प्रश्न वेगळा असतो आणि येत असलेल्या आणखी दोन भाषांचा रकाना वेगळा. म्हणजे मराठी लिहिल्याने हिंदी किंवा इंग्रजी सुटत नाही, त्या पुढच्या रकान्यात येतात. आपण सांगू तेच लिहायचे असते, पुरावा लागत नाही.

यावर एक रास्त शंका येईल. मुलांना मराठी बोलता येत नसेल, तर खोटे लिहायचे का? मुळीच नाही. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. पन्नाशी-साठीतल्या पिढीला त्यामुळे 'मराठी' सांगताना अडखळण्याचे कारण नाही. नातवंडांच्या रकान्यातले उत्तर मात्र आज त्यांची आई त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलते, यावर ठरते. ते उत्तर सरकारच्या नाही, आपल्या हातात आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. आनंद झाला, पेढेही वाटले. पण तो दर्जा दिल्लीहून निघून देवासच्या स्वयंपाकघरापर्यंत आपोआप येणार नाही. देवासच्या नोट छापखान्यातून निघणाऱ्या नोटेवर पंधरा भाषांच्या पट्टीत मराठीही छापलेली असते. नोटेवर ती राहीलच. घरात राहते की नाही, हा प्रश्न आहे.

मंडळाने तीन गोष्टी कराव्यात. जनगणनेआधी प्रत्येक मराठी घरी दोन कार्यकर्ते पाठवून हा रकाना समजावून सांगावा. मराठी विषय हवा असणाऱ्या मुलांची शाळावार यादी करून ती जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. आणि रविवारी तासभर मुलांसाठी मराठी वर्ग चालवावा. माझी बदली यंदा इंदूरकडे व्हायची शक्यता आहे. झाली, तर देवासच्या वर्गाचा एक रविवार मी घेईन. बाकीच्या रविवारांसाठी नावे हवी आहेत.