पाहुणा वैद्य आणि यजमानाचे पान

वैद्य जेवावयास येणार म्हटले की अनेक घरांतील मंडळी धास्तावतात. शिकरणीवर, रात्रीच्या दह्यावर किंवा माशांच्या आमटीवर आता प्रवचन होणार, ही ती धास्ती. ती निर्माण करण्यात आपल्या व्यवसायबंधूंचा वाटा नाही, असे आम्हांस म्हणवत नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची 8 आयतने सांगितली. त्यांतील शेवटचे ‘उपयोक्ता’. ओकसात्म्य त्याच्या अधीन असते. चिकित्सास्थानाच्या 30व्या अध्यायात प्राच्यांना मत्स्य, सैंधवांना दूध सात्म्य, असे देशपरत्वे भेद नोंदविले आहेत. कोणाच्या अन्नाला नाक मुरडलेले नाही. विरुद्धाहाराची यादी देणारी संहिताच, सात्म्य, अल्प मात्रा वा प्रदीप्त अग्नी असता तो बाधत नाही, हेही सांगते. मग मालवणी घरच्या बांगड्याच्या तिखल्यावर किंवा कांदा-बटाटा वर्ज्य असलेल्या जैन पानावर शेरा मारण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

पाहुण्याचेही पथ्य असते. आपणांस जे वर्ज्य, ते निमंत्रण स्वीकारतानाच कळवावे. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या घरी दिवस असतानाच पोहोचावे. नको तो पदार्थ पानात पडण्यापूर्वी नम्रपणे नाकारावा; कारण विचारल्यास ‘सवयीचा नाही’ एवढेच सांगावे. जे चालते ते मनापासून खावे आणि करणाऱ्याचे कौतुक करावे.

“अपथ्य दिसत असता वैद्याने गप्प बसावे काय?” असे कोणी विचारील. मधुमेही यजमान दुसऱ्यांदा जिलबी घेत असेल तर बोलावेच. परंतु दुसऱ्या दिवशी, दवाखान्यात, एकांती. चिंता, भय, क्रोध मनात असता मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, हे आपलेच शास्त्र सांगते. शिवाय पंक्तीत लाजविलेला रुग्ण आहार बदलतोच असे नाही; पुढील तपासणीत मात्र तो आहार लपवू लागतो. हेतूच खोटा हाती आला की संप्राप्तीचे आकलन चुकते आणि औषधालयाने निगुतीने सिद्ध केलेले औषधही वाया जाते.

रुग्णाने आपल्या स्वयंपाकघराविषयी निःसंकोच बोलावे, यातच चिकित्सेचे यश आहे. तो विश्वास जेवणाच्या पानावर गमावू नये, अशी वैद्यबंधु-भगिनींना आणि औषधालयचालकांना आमची विनंती आहे.