ड्रायरला हाताने ढकलू नका

पाऊस लागला की बाल्कनीतल्या दोऱ्या घरात येतात, पंख्याखाली चादरी लटकतात आणि नेमका त्याच आठवड्यात ड्रायर रुसतो. आपल्याकडे ड्रायर म्हणजे बहुतेक घरांत सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला धुण्याच्या टबाशेजारचा अरुंद टब. तो गरम हवा सोडत नाही. कपडे मिनिटाला हजाराहून जास्त फेऱ्यांनी गरगर फिरवून पाणी झटकतो, एवढंच त्याचं काम. त्याची मोटरही वेगळी असते. म्हणून धुणं व्यवस्थित चालतं आणि ड्रायर मात्र ढिम्म.

अशा ड्रायरवर एक घरगुती इलाज फार चालतो, त्याबद्दलच आज कळकळीने सांगायचं आहे. झाकण उघडं ठेवून टायमर फिरवायचा, आत हात घालून टबाला एक गिरकी द्यायची, टब पळू लागला की झाकण खाली. झाकण उघडं असताना वीज तोडणारा स्विच आडवा येतो, म्हणून त्यात आधीच काडी खुपसलेली असते नाहीतर वायर थेट जोडून टाकलेली असते. कृपा करून हे करू नका. टब वेग घ्यायला क्षणभरही लागत नाही. ओल्या ओढणीचं टोक किंवा टॉवेलचा काठ बोटाभोवती एकदा गुंडाळला गेला की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. घरात लहान मूल असेल तर विचारायलाच नको.

शिवाय ढकलून टब फिरतो, यातच बिघाडाचा पत्ता असतो. मोटर ‘हं...’ करते पण उठत नाही आणि धक्का दिला की चालते, तेव्हा संशय कॅपॅसिटरवर घ्यावा. मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात. मोटरच्या मानाने हा अगदी स्वस्त भाग. पण अडून राहिलेल्या मोटरला वीज देत बसलात तर वाइंडिंग तापून जळतं आणि थोडक्यात भागणारं काम मोटरवर जातं. कॅपॅसिटर स्वतः उघडून बदलायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते.

मग घरच्या घरी काय बघायचं? प्लग काढा, टब रिकामा करा, झाकण लावून बटण बंद असल्याची खात्री करा. मग झाकण थोडं उचलून टब हलकासा फिरवून बघा. झाकण पूर्ण उघडलं की ब्रेक लागतो, तेव्हा टब जड वाटणारच. थोडंच उचलूनही तो अडत असेल तर आतल्या-बाहेरच्या टबांच्या फटीत काहीतरी अडकलं असेल किंवा ब्रेक सुटत नसेल. आमच्याकडे एकदा तीन दिवस मशीनला दूषणं दिल्यावर फटीतून बाळाचा एक मोजा निघाला. रबर जळल्यासारखा वास येत असेल तर ब्रेक घासतोय असं समजा.

टब फिरतो पण कपडे ओलेच निघतात, तेव्हा आधी पाइप बघा. धुण्याच्या टबाचं आणि ड्रायरचं पाणी बहुधा एकाच पाइपातून जातं. पाइपाचं तोंड उंबऱ्यावर, बादलीच्या काठावर किंवा कुठेही उंचावर ठेवलं, तो मुडपला किंवा आत धागे आणि साबणाचा गाळ साचला, की पाणी ड्रायरच्या तळाशी तुंबतं आणि टब त्यातच घुसळत बसतो. पाइप काढून धुवा, तोंड जमिनीलगत मोरीकडे सोडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात, असा माझा अंदाज.

मशीन नाचायला लागलं तर कपडे एका बाजूला गोळा झालेत. ते दाबून सारखे बसवा, वर मशीनसोबत आलेली प्लास्टिकची जाळी ठेवा (जी बहुतेक घरांत पहिल्याच वर्षी हरवते). रेनकोट मात्र ड्रायरमध्ये घालूच नका. त्यातून पाणी निघत नाही, एकीकडे साचून राहतं आणि टबाचा तोल जातो.

काहीच आवाज नसेल तर आधी त्याच सॉकेटला दुसरं काही लावून बघा. मग प्लग काढून मशीनच्या खालच्या बाजूला टॉर्च मारा. तळ उघडा असेल तर उंदरांनी वायर कुरतडलेली असू शकते. कुरतडलेली वायर, मशीनला हात लावल्यावर येणारा झिणझिण्यांचा शॉक, मोटरवर ठिबकणारं पाणी, झाकण उघडल्यावर 15 सेकंदांतही न थांबणारा टब, यांपैकी काहीही दिसलं तर वापर बंद. ते मेकॅनिकचं काम.

त्याला फोनवर नुसतं ‘ड्रायर बिघडलाय’ सांगू नका. हं आवाज येतो का, रिकामा टब हाताला हलका लागतो का, पाणी तुंबतं का, हे सांगा; लागणारा भाग तो सोबत घेऊन येईल आणि दुसरी खेप वाचेल. आणि आलाच आहे तर ती काडी त्याच्याकडून काढून स्विच पूर्ववत करून घ्या. तोवर कपडे पिळून पंख्याखालीच बरे.