निम्म्या भावातला शेअर

2025 च्या दिवाळीत धारवाडहून ताई आणि भावजी आले होते. फराळ आटोपल्यावर भावजींनी खिशातून कागद काढला. त्यावर एकच नाव : आयटीआय. निवृत्तीच्या पैशांतले तीन लाख त्यात घालायचा बेत होता. ताई आतून ऐकत होती. तिला त्याच पैशांत माडीचं छप्पर करायचं आहे.

भावजींचा हिशेब सरळ. "जानेवारीत पाचशेनव्वदला गेला होता, आता तीनशेला मिळतोय. निम्म्या भावात! आणि बेंगळूरला केवढी जागा ऐतल्ला!"

आयटीआयबद्दल आमच्या पिढीला माया आहेच. 1948 साली निघालेला टेलिफोनचा सरकारी कारखाना. त्याच्यामुळे वसलेल्या भागाचं नावच दूरवाणीनगर. आमच्याकडे क्रोशाच्या रुमालावर बसलेला काळा फोन तिथलाच. पुढे मोबाइल आला, बाहेरच्या कंपन्या आल्या आणि कारखाना मागे पडला. 2014 साली केंद्राने चार हजार कोटींवरची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, तरी घडी काही नीट बसली नाही.

मी म्हटलं, भावजी, जानेवारीचा भाव विसरा. सगळी कंपनीच विकत घेताय असं समजा. शेअर 96 कोटींच्या आसपास. गुणिले तीनशे, म्हणजे जवळजवळ 29 हजार कोटी. एवढ्यात मिळतं काय? 2024-25 ची विक्री साधारण 3,600 कोटी. आदल्या वर्षीपेक्षा ती दुपटीहून जास्त वाढली, हे कौतुकाचंच. पण तोटा दोनशे कोटींच्या वर, आणि आदल्या वर्षी साडेपाचशेच्या वर. नफाच नाही, तर नफ्याच्या किती पट भाव हे काढणार कसं? विक्रीच्या आठ पट मोजायचे, तेही तोट्यातल्या धंद्याला. चन्नम्मा सर्कलजवळचं किराणा दुकान या हिशेबाने तुम्ही घेतलं असतं का?

जागेचं म्हणाल, तर ती विकली तरी पैसा आधी देणी भागवायला जाणार. शिवाय नव्वद टक्क्यांच्या घरात शेअर सरकारकडे. विकायचं की ठेवायचं ते दिल्ली ठरवणार. बाजारात फिरणारे शेअर थोडे, म्हणून भाव चढतोही झटकन आणि पडतोही तसाच. त्या चढ-उताराचा कारखान्यातल्या कामाशी संबंध असेलच असं नाही.

"पण भारतनेटच्या ऑर्डरी आहेत की!" भावजी हटेनात.

आहेत. पण ऑर्डर म्हणजे हातात आलेला पैसा नव्हे. वार्षिक अहवालात मी दोनच आकडे आधी बघतो : गिऱ्हाइकांकडून येणं किती थकलंय आणि कर्जावर व्याज किती जातंय. धंद्यातल्या कमाईतून व्याज सुटायला लागलं, की मग भावाचं बोलू.

भावजींनी गुणाकार दोनदा करून पाहिला. शेवटी म्हणाले, पन्नास तरी घेतोच. पंधरा हजारांचा मामला. मी गप्प बसलो. ताई बाहेर येऊन म्हणाली, "उद्या जाता जाता पत्र्याचा भाव विचारू या."