कोळशावरचा उपकर गेला, हरित निधीचे काय?

वस्तू व सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले, तेव्हा चर्चा झाली ती साबण, मोटारी आणि विम्याच्या हप्त्यांची. त्याच यादीतील एका बदलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कोळशावर टनामागे आकारला जाणारा ४०० रुपयांचा भरपाई उपकर रद्द झाला आणि कोळशावरील जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. करप्रणाली सुटसुटीत झाली, हे खरे. परंतु प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी, या तत्त्वावर देशात आकारला गेलेला सर्वात ठळक कर त्याबरोबर इतिहासजमा झाला.

या उपकराचा जन्म २०१० च्या अर्थसंकल्पातला. तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर लावला आणि त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभारण्याची घोषणा केली. पुढे अरुण जेटली यांच्या कारकिर्दीत तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. जगात कार्बन कराच्या नावाने सरकारे कोसळत असताना भारताने गाजावाजा न करता हे पाऊल उचलले होते.

पैशांचे पुढे काय झाले, ही कहाणी मात्र उत्साहवर्धक नाही. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकरातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. त्यापैकी जेमतेम साडे एकोणतीस हजार कोटी निधीकडे वर्ग झाले आणि प्रकल्पांवर प्रत्यक्षात सुमारे १६ हजार कोटीच खर्ची पडले. त्यातलाही काही वाटा गंगा शुद्धीकरणासारख्या, एरवी आवश्यक पण ऊर्जेशी थेट संबंध नसलेल्या कामांकडे गेला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि उपकराचे नावच बदलले. राज्यांच्या महसुलाची भरपाई हे त्याचे नवे काम. कोविडकाळात राज्यांसाठी काढलेल्या कर्जाची परतफेडही याच भरपाई उपकरातून होत राहिली. थोडक्यात, २०२५ मध्ये जो रद्द झाला, तो नावापुरताही हरित राहिलेला नव्हता.

तरीही कोळशाच्या किमतीवर त्याचा परिणाम होत होता, आणि तो कसा बदलला हे पाहण्यासारखे आहे. खाणीवर टनाला १,२०० रुपये करपात्र किंमत असलेल्या कोळशावर पूर्वी ६० रुपये जीएसटी आणि ४०० रुपये उपकर, असे ४६० रुपये पडत. आता २१६ रुपये पडतात. याउलट टनाला ७,००० रुपयांच्या आयात कोळशावर ७५० रुपयांऐवजी १,२६० रुपये. सुमारे तीन हजार रुपये ही सीमारेषा धरली, तर त्याखालचा कोळसा स्वस्त आणि त्यावरचा महाग झाला. देशी कोळशाला चालना हा हेतू त्यातून साधतो. पण सर्वाधिक सवलत मिळाली ती हलक्या प्रतीच्या, राखेचे प्रमाण जास्त असलेल्या कोळशाला.

वीजग्राहकाच्या दृष्टीने हा दिलासाच. एका युनिटसाठी साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे उपकराचा भार युनिटमागे २६ ते २८ पैसे होता. नव्या रचनेत निर्मितीखर्च १७ ते १८ पैशांनी घटेल, असा कोळसा मंत्रालयाचा हिशेब आहे. चंद्रपूर किंवा कोराडीच्या विजेवर चालणाऱ्या राज्यात ही रक्कम क्षुल्लक नव्हे, अर्थात ती इंधन समायोजनातून बिलापर्यंत पोहोचली तर.

खरी मेख पोलाद आणि सिमेंट उद्योगात आहे. वीज जीएसटीबाहेर असल्याने वीजकंपन्यांना कोळशावरील कराचा परतावा मिळत नाही. पोलाद व सिमेंट कारखान्यांना मात्र तो आपल्या मालावरील करातून वजा करता येतो. जुना उपकर तसा वजा होत नसे. तो त्यांच्या खर्चात राहात असे. म्हणजे १८ टक्के हा आकडा कितीही मोठा दिसला, तरी या कारखान्यांसाठी कोळसा जाळण्याचा कर व्यवहारात शून्यावर आला.

नेमक्या याच वेळी युरोपीय महासंघाची कार्बन सीमा शुल्क यंत्रणा १ जानेवारी २०२६ पासून पूर्णांशाने लागू झाली. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते यांच्या आयातीवर ती आकारली जाते. मूळ देशात कार्बनसाठी मोजलेली किंमत त्यातून वजा होते. परत मिळणारा जीएसटी ही कार्बनची किंमत आहे, असे ब्रुसेल्सला पटवणे अवघड. जो पैसा दिल्लीच्या तिजोरीत येऊ शकला असता, तो युरोपच्या तिजोरीत जाण्याची ही सोय म्हणावी लागेल.

सरकारची भिस्त आता जून २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेवर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद उद्योगांना उत्सर्जन-तीव्रतेची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. वीजनिर्मिती त्यात नव्हती. देशाच्या वीज उत्पादनात कोळशाचा वाटा सुमारे ७० टक्के असताना हा अपवाद लहान नाही. सौर उपकरणांवरील जीएसटी त्याच सप्टेंबरमध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ही जमेची बाजू. परंतु विदर्भातील कोळसा खाणी उद्या बंद होऊ लागल्या, तर तेथील कामगारांच्या पुनर्वसनासाठी पैसा कोणत्या खात्यातून येणार, याचे उत्तर ना नव्या करात आहे, ना बाजारात.