दुखेपर्यंत चोळू नका

पाऊस सरला की गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर शॅक उभे राहतात आणि त्यांच्या जोडीला मालिशचे फलक लागतात. पण अंगाला तेल चोळायला आपल्याला पर्यटकांनी शिकवलेलं नाही. रापणीचं जाळं ओढून आखडलेले खांदे, माडावरून उतरलेल्या पाडेल्याच्या पोटऱ्या, मासळीची पाटी वाहून अवघडलेली मान आणि प्रत्येक घरातली बाळंतीण, या सगळ्यांना खोबरेल तेलाचा हात पूर्वापार मिळत आला आहे. त्या तेलासोबत एक समजही चालत आला: "सोस गे जराशी, दुखल्याशिवाय गुण येत नाही." हा समज आता सोडून द्या, एवढंच माझं सांगणं आहे.

दुखावलेला स्नायू स्वतःला वाचवण्यासाठी आवळून धरतो. त्यावर आणखी जोर दिला की तो आणखी आवळतो. मग चोळणाऱ्याला गाठ लागल्यासारखी वाटते, तो अंगठा रोवतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं होतं. उलट, कातडीत असे बारीक मज्जातंतू आहेत जे सावकाश, उबदार स्पर्शाला उत्तम प्रतिसाद देतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर हा त्यांना मानवणारा वेग. म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत तळहात न्यायला सात-आठ सेकंद घ्या. करून पाहा, आपण एरवी किती घाई करतो ते लगेच कळेल.

घरी कुणाच्या पायाला तेल लावायचं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. मग तळहात नुसता पायावर टेकवा आणि दोन-तीन श्वास जाऊ द्या. हात घोट्याकडून गुडघ्याकडे न्या, हाडावर दाब देऊ नका. मध्येच विचारा, "इतका जोर पुरे?" सासू तेल लावत असली की सून "बरं वाटतंय" म्हणते, आणि म्हातारी माणसं मुलांना वाईट वाटू नये म्हणून गप्प राहतात. म्हणून शब्दांबरोबर अंगाकडेही बघा. श्वास अडला, पायाची बोटं आखडली, कपाळाला आठी पडली की हात हलका करा. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाला चटका आणि दाब नीट कळत नाही, तिथे त्याच्या "ठीक आहे"वर विसंबू नका. आणि तेलकट पायांनी न्हाणीत जाताना हात धरा. म्हातारपणी घसरून मोडलेलं हाड महागात पडतं.

काही वेळा हात लावायचाच नसतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोजचा अभ्यंग सांगितला, डोकं, कान आणि तळपायांवर विशेष भर दिला, पण अजीर्ण झालेल्याला आणि कफाने त्रासलेल्याला तो वर्ज्यही केला. आज त्यात भर घालायला हवी. ताप, ताजी जखम, हाड मोडल्याचा संशय असेल तर मालिश नको. बरेच दिवस अंथरुणाला खिळून किंवा लांबचा प्रवास करून आल्यावर एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर ती मुळीच चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लगेच डॉक्टर गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीच्या पोटाला डॉक्टरांनी सांगेपर्यंत हात लावू नका. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेऊ नका, मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या तिथूनच जातात.

तान्ह्या बाळाबाबत तर फारच जपा. नाकाला आकार यावा म्हणून ओढू नका, नाकाकानांत तेल सोडू नका. नवजात बाळाची छाती कधी फुगलेली दिसते. ते आईच्या संप्रेरकांमुळे होतं आणि आपोआप ओसरतं; ती पिळली तर आत पू होऊ शकतो. बाळ रडायला लागलं किंवा त्याने तोंड फिरवलं, की त्या दिवशीचं तेल तिथेच थांबवा.

मालिश केंद्रात जाल तेव्हा पोटावर झोपण्याआधी तुमचे आजार, गोळ्या, जुनी दुखणी सांगा. केंद्रातल्या माणसाने काहीच विचारलं नाही तर तिथून उठा. कुठे हात लागलेला चालणार नाही तेही आधीच सांगा. ते सांगायला कारण द्यावं लागत नाही. आणि मोरजीतल्या केंद्रांत काम करणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्या अंगठ्यांना आणि मनगटांनाही मर्यादा आहेत. गिऱ्हाईक "आणखी जोरात" म्हणालं तरी नाही म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे.

दुखणं जुनं असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर चोळण्यात दिवस घालवू नका. आपल्याच पेडणे तालुक्यात, धारगळला, डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं रुग्णालय सुरू झालं आहे. तिथे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी दाखवा, दुखण्याचं मूळ समजून घ्या आणि मग तेलाची वाटी हातात घ्या.