विश्लेषण : पावसानंतर बस एका बाजूला का कलते? दोष हवेचा की विजेचा?

मुसळधार पावसात शीवच्या रस्ता क्रमांक २४ आणि गांधी मार्केट परिसरात पाणी साचते आणि बेस्टच्या बस अन्य मार्गांनी वळवाव्या लागतात. शीव कोळीवाडा, प्रतीक्षानगरच्या प्रवाशांना हे नवे नाही. पाणी ओसरते, पण त्याचा परिणाम बसखालच्या वायरिंगमध्ये उरतो. एअर सस्पेन्शनमधील अनेक बिघाडांचे मूळ तिथेच असते.

एअर सस्पेन्शन कसे चालते?

यात लोखंडी पाट्यांऐवजी बसचा भार हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर असतो. इलेक्ट्रॉनिक प्रणालीत उंची मोजणारे सेन्सर, नियंत्रण करणारा संगणक म्हणजे ‘ईसीयू’ आणि हवा सोडणारे-भरणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतात. सेन्सर उंची कळवतो, ईसीयू तुलना करतो आणि व्हॉल्व्हला वीज देतो. ही सोय असलेली लो-फ्लोअर बस थांब्यावर दाराच्या बाजूने खाली झुकते, त्यामुळे ज्येष्ठांना आणि व्हीलचेअरवरील प्रवाशांना चढणे सोपे जाते.

बिघाड हवेचा की विजेचा, हे कसे ओळखतात?

रात्रभर उभी असलेली बस सकाळी एका बाजूला बसलेली दिसली, तर आधी गळतीचा संशय घेतात. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. मात्र टाकीत पुरेसा दाब असूनही एकच बाजू उचलली जात नसेल, किंवा खड्ड्यात आदळल्यावर इशारा दिवा लागून पुन्हा विझत असेल, तर विजेची बाजू तपासावी लागते.

फॉल्ट कोड पुरेसा का नाही?

स्कॅनर ‘मागील डाव्या सेन्सरचे सर्किट खंडित’ असे सांगतो, ‘सेन्सर खराब’ असे नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सरसोबत वायर, कनेक्टर आणि ईसीयूची पिनही येते. कोड पाहून थेट सेन्सर बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे.

तपासणीचा योग्य क्रम कोणता?

प्रथम फ्यूज, बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग. त्यानंतर कनेक्टर उघडून हिरवट गंज किंवा ओलावा पाहणे. मग व्होल्टेज भार चालू असताना मोजणे. गंजलेल्या वायरची एखादीच तार शाबूत असली, तरी भार नसताना मल्टिमीटर २४ व्होल्ट दाखवतो. व्हॉल्व्ह चालू होताच तो व्होल्टेज कोसळतो. बिघाड अधूनमधून येत असेल, तर वायर हलवत मीटरवरील आकडा पाहतात. सोलेनॉइडचा रोध उत्पादकाने दिलेल्या आकड्याशी ताडतात. सेन्सरचा दांडा वाकला असेल, तर वीज ठीक असूनही उंची चुकते. सेन्सर बदलल्यास नव्याने कॅलिब्रेशन करावे लागते. चेसिसला भक्कम आधार दिल्याशिवाय कुणीही बसखाली जाऊ नये. व्हॉल्व्ह अचानक उघडला, तर बस क्षणात खाली येते.

प्रवाशांशी याचा संबंध काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सार्वजनिक वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. झुकण्याची यंत्रणा बंद पडलेली बस रस्त्यावर धावते, पण व्हीलचेअरवरील प्रवाशासाठी ती न आल्यासारखीच. चुकीचा सुटा भाग बदलला, तर खर्च होतो, बस आगारात अडकते आणि बिघाड तसाच राहतो. बेस्टच्या भाडेतत्त्वावरील बसची देखभाल कंत्राटदाराकडे असते. त्यामुळे बस सुटली की नाही, एवढ्यावर न थांबता ती थांब्यावर झुकते का, याचीही नोंद घ्यायला हवी. तसेच पाण्यातून गेलेल्या बसचे कनेक्टर त्याच रात्री तपासले, तर पुढचे बरेच बिघाड टळू शकतात.