शेजारभाषा : स्पॅनिशमधील संकेतार्थ



आमच्या पुतण्याची सासुरवाडी आर्जेन्टिनाहून आलेली. पहिल्या भेटीत विहीणबाईंकडे पाणी मागताना आम्ही ‘किएरो आग्वा’, म्हणजे ‘मला पाणी हवे’, असे म्हणून गेलो. पाणी मिळाले, परंतु आमचे शब्द हुकमासारखे वाटले, हे त्यांच्या मुद्रेवरून उमगले. म्हणून या अंकी संकेतार्थाचा विचार करू.

वर्तमानकाळात स्पॅनिश धातूची ‘आर’, ‘एर’, ‘इर’ ही अखेर गळते. संकेतार्थात मात्र मूळ रूप अखंड ठेवून त्यापुढे प्रत्यय जोडावयाचा. तीनही गणांचे प्रत्यय एकच, आणि जोर ‘ई’वर. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, हा धातू घेऊ :

मी – आब्लारीआ
तू – आब्लारीआस
तो, ती, आपण (एकास आदराने) – आब्लारीआ
आम्ही – आब्लारीआमोस
तुम्ही – आब्लारीआइस (स्पेनमध्ये)
ते, त्या – आब्लारीआन

आर्जेन्टिनात अनेकांना उद्देशून शेवटचेच रूप वापरतात. याच रीतीने ‘कोमेर’ (खाणे) याचे कोमेरीआ आणि ‘बिबिर’ (राहणे) याचे बिबिरीआ होते.

मराठीत पुरुष ‘बोललो असतो’ म्हणतो, स्त्री ‘बोलले असते’. हिब्रूतही ‘हायीती मेदाबेर’ आणि ‘हायीती मेदाबेरेत’ असा भेद आहे. स्पॅनिश क्रियापदात लिंगभेद नाही. दोघांनाही ‘आब्लारीआ’ पुरते.

एक चूक मात्र आपणा मराठी भाषकांकडून हटकून होते. ‘वेळ असता तर बोललो असतो’ या वाक्यात आपण दोन्हीकडे संकेतार्थ योजतो. स्पॅनिशमध्ये ‘तर’च्या बाजूसच ‘ईआ’ येतो. ‘जर’च्या बाजूस निराळे रूप लागते : ‘सी तुबिएरा तिएम्पो, आब्लारीआ.’

आता विनंतीविषयी. ‘गुस्तार’ हा धातू आपल्या ‘आवडणे’सारखाच चालतो : ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडते’, आणि ‘मे गुस्तारीआ’ म्हणजे ‘मला आवडेल’. हिब्रूत ‘आनी रोत्से’ऐवजी ‘हायीती रोत्से’ म्हटल्याने जी मृदुता येते, तीच येथे साधते.

पुढील भेटीत आम्ही म्हणालो, ‘मे गुस्तारीआ उन पोको दे आग्वा.’ विहीणबाई हसल्या आणि पाण्याआधी त्यांनी खुर्ची पुढे केली.

वाचकांनी ‘बेबेर’ (पिणे) आणि ‘एस्क्रिबिर’ (लिहिणे) हे धातू स्वतः चालवून पाहावेत. अनियमित धातू पुढील अंकी.